'द सिल्व्हर किंग'चं जुनं पोस्टर: खालची लाल पट्टी काढावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडातल्या लीड्सजवळ नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका गृहस्थांनी तिथल्या जुन्या बाजारातून 'द सिल्व्हर किंग' या नाटकाचं रंगीत पोस्टर घेतलं. रुंदी अंदाजे वीस इंच, उंची तीस इंच. विकणाऱ्याने मागे पेन्सिलीने १८८२ लिहून दिलं आहे. चित्रात जमिनीवर कोसळलेला एक माणूस, हातातल्या पिस्तुलाकडे बघत भेदरून उभा असलेला तरुण आणि दाराआड टॉप हॅट घातलेला खलनायक. तळाला वेगळ्या कागदाची आडवी पट्टी चिकटवलेली, लाल अक्षरांची: 'थिएटर रॉयल', त्यानंतर फाटलेल्या जागी गावाच्या नावाची शेपटी '…फील्ड' आणि खाली 'सोमवार, ९ ऑक्टोबरपासून सहा रात्री'. त्याच्याही खाली चित्राच्या कागदावर बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव, डेव्हिड ॲलन अँड सन्स, पुढचं पुसट. त्यांना हवी आहेत तीन उत्तरं. हे खरंच १८८२ चं आहे का? चित्र पूर्ण दिसावं म्हणून पट्टी ओल्या स्पंजने सोडवावी का? आणि कडा झडतायत म्हणून लॅमिनेट करून फ्रेम करावं का?

मी जुन्या छापील कागदांच्या संवर्धनाचं काम करते. आधी घाईचं सांगते: पट्टीला पाणी लावू नका आणि लॅमिनेशनवाल्याकडे जाऊ नका. ही दोन्ही कामं झाली की परत फिरता येत नाही. बाकी सगळं सावकाश करता येईल.

आता मूळ मुद्दा. तुम्ही या कागदाकडे चित्र म्हणून बघताय, आणि चित्र म्हटलं की त्याची एक तारीख असावी असं आपल्याला वाटतं. फिरत्या नाटक कंपनीच्या पोस्टरला किमान तीन तारखा असतात: नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ती, चित्र छापलं गेलं ती आणि हा विशिष्ट कागद विशिष्ट गावात वापरला गेला ती. विकणाऱ्याने पहिली तारीख उचलून कागदाला चिकटवली आहे. व्यापारात हे सर्रास चालतं, आणि दर वेळी त्यात लबाडीच असते असं नाही. नाटकाचं साल सहज सापडतं, पोस्टरचं साल शोधावं लागतं.

'द सिल्व्हर किंग' हे हेन्री आर्थर जोन्स आणि हेन्री हर्मन यांचं नाटक. १६ नोव्हेंबर १८८२ ला लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या प्रिन्सेसेस थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला. विल्फ्रेड डेन्व्हर हा दारू आणि जुगारात बुडालेला नायक विल्सन बॅरेटने केला, आणि 'स्पायडर' म्हणून ओळखला जाणारा उमदा दिसणारा दरोडेखोर ई. एस. विलर्डने. तुमच्या चित्रातला प्रसंग नाटकाचा कणा आहे. डेन्व्हर पिस्तूल घेऊन वैऱ्याच्या घरी जातो, तिथे शिरलेले चोर त्याला क्लोरोफॉर्मने बेशुद्ध करतात आणि त्याच्याच पिस्तुलाने स्पायडर घरमालकाला मारतो. शुद्धीवर आल्यावर खून आपल्याच हातून झाला असं डेन्व्हरला वाटतं. मग पलायन, ज्या गाडीतून तो निसटलेला असतो तिला अपघात, जगाच्या लेखी त्याचा मृत्यू, अमेरिकेतल्या चांदीच्या खाणीत मिळालेलं घबाड आणि पांढऱ्या केसांनी घरी परत येणं. आपल्याकडेही हे कथानक पोचलं होतं. पारशी रंगभूमीसाठी लिहिणाऱ्या आगा हश्र काश्मिरींनी त्याचं उर्दू रूपांतर केलं आणि नावही 'सिल्व्हर किंग'च ठेवलं.

असं नाटक लंडनमध्ये चाललं की त्याच्या कंपन्या गावोगाव निघत. एकाच नाटकाच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दर्जाच्या कंपन्या एकाच वेळी रस्त्यावर असत. मोठ्या शहरांना चांगली कंपनी, छोट्या गावांना उरलेली. सोमवार ते शनिवार खेळ, रविवारी रेल्वेने पुढचा मुक्काम. पडदे, कपडे आणि माणसं यायच्या आधी कंपनीचा माणूस पोस्टरांचे गठ्ठे घेऊन गावात पोचलेला असे. इकडे किर्लोस्कर मंडळीही १८८० च्या 'शाकुंतला'नंतर याच पद्धतीने मुक्काम हलवत होती, त्यामुळे जुन्या मराठी नाटक कंपन्यांबद्दल थोडंफार वाचलेल्याला हे जग अनोळखी वाटू नये.

पोस्टरांचं गणित मात्र पाहण्यासारखं होतं. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. त्यावर चित्रकाराने उलटं चित्र काढायचं, प्रत्येक कागद तितक्या वेळा यंत्रातून काढायचा आणि दर वेळी तो अचूक जागी बसला पाहिजे. हा खर्च दर आठवड्याला, दर गावासाठी कोण करणार? म्हणून चित्र एकदाच मोठ्या संख्येने छापून घेत, आणि गाव, थिएटर, तारीख यांच्यासाठी खाली किंवा वर जागा कोरी ठेवत. गावातला साधा मुद्रक लाकडी टाइपात पट्ट्या छापून देई आणि त्या खळीने डकवल्या जात. काही वेळा पट्टी न लावता कोऱ्या जागेवरच छापत. डेव्हिड ॲलनसारखे मोठे छापखाने तर कोणत्याही मेलोड्रामाला चालतील अशी तयार चित्रंही विकायला ठेवत: घोड्यावरून सुटका, जळतं घर, फसवली गेलेली कन्या. नाटकाचं नाव नंतर.

म्हणजे तुम्हाला जी पट्टी मध्ये येते आहे, तीच हे पोस्टर कधी आणि कुठे वापरलं गेलं ते सांगते. चित्राच्या प्रती पुष्कळ निघाल्या असतील. ही पट्टी एका आठवड्यासाठी, एका गावासाठी छापली होती आणि शनिवार उलटला की तिचं काम संपत होतं.

तर तिच्याकडून काय कळतं ते बघू. 'सोमवार, ९ ऑक्टोबर'. वार आणि तारीख दोन्ही मिळाली की साल हुडकता येतं, कारण ९ ऑक्टोबरला सोमवार दर वर्षी येत नाही. तो १८८२ मध्ये आला होता. त्यानंतर १८९३, १८९९, १९०५, १९११ आणि १९१६ मध्ये. पैकी १८८२ आपोआप बाद होतं: त्या वर्षीच्या ९ ऑक्टोबरला हे नाटक लंडनमध्येही आलेलं नव्हतं, पहिला प्रयोग त्यानंतर पाच आठवड्यांहून अधिक काळाने झाला. निदान वापराच्या तारखेपुरती तरी मागची पेन्सिल पट्टीनेच खोटी पाडली. १९१६ मी यादीत ठेवते पण शेवटी तपासते. महायुद्धात कागदाची टंचाई होती. उरली चार सालं.

आता गाव. थिएटर रॉयल या नावावरून काहीही कळत नाही, इंग्लंडात गावोगाव एकेक थिएटर रॉयल होतं. 'फील्ड'ने संपणारी गावं तुमच्याच आसपास भरपूर: शेफील्ड, हडर्सफील्ड, वेकफील्ड, जरा दक्षिणेला चेस्टरफील्ड, मॅन्सफील्ड, डोंगरापलीकडे मॅकल्सफील्ड. इथे फाटलेली कड भिंगाखाली धरा. लाकडी टाइपातली मोठी रोमन अक्षरं असतील, तर 'फील्ड'च्या अलीकडच्या अक्षराचा उजवा काठ बहुधा शिल्लक असेल. एकाखाली एक तीन आडवी टोकं दिसली तर ते 'ई', म्हणजे वेकफील्ड. दोनच टोकं, वरचं आणि मधलं, आणि खाली मोकळी जागा असेल तर दुसरं 'एफ', म्हणजे शेफील्ड. वर गोलाई आणि खाली तिरका पाय असेल तर 'आर', चेस्टरफील्ड. वर-खाली दोन्हीकडे वळण असेल तर 'एस', आणि मग मात्र हडर्सफील्ड, मॅन्सफील्ड, मॅकल्सफील्ड तिघंही उभे राहतात. दोन-तीन मिलिमीटर शाई यासाठी पुरेशी होते. ओल्या स्पंजने आधी जाईल ती नेमकी हीच कड, कारण फाटलेल्या जागी कागदाचे तंतू मोकळे झालेले असतात.

गाव आणि चार सालं हातात आली की शोध अवघड नाही. 'द एरा' हे नाटकधंद्याचं साप्ताहिक त्या काळात कोणती कंपनी कुठल्या आठवड्यात कुठे आहे याच्या याद्या छापत असे. १८८० पासून 'द स्टेज'ही होतं. शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात आदल्या शनिवारी जाहिरात असतेच. जुनी ब्रिटिश वर्तमानपत्रं स्कॅन होऊन ऑनलाइन आली आहेत, आणि तिथल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांतल्या संगणकांवर ती फुकट बघता येतात. तुम्ही तिथेच राहता.  शोधताना नाटकाचं नाव आणि थिएटर एवढंच टाका, नटांची नावं टाकू नका. दौऱ्यावरच्या कंपनीत बॅरेट किंवा विलर्ड असतीलच असं नाही, आणि स्कॅनमधली बारीक अक्षरं संगणक वाटेल तशी वाचतो. १८९९ निघालं तर आणखी एक गंमत: त्याच सोमवारी दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या बोअर सरकारने ब्रिटनला निर्वाणीचा खलिता दिला होता, त्यामुळे पानभर युद्धाच्या बातम्यांतून नाटकाची जाहिरात हुडकायची तयारी ठेवा.

एक सावधगिरी. पट्टीची तारीख ही चित्राची तारीख नव्हे. कंपनीकडे पोस्टरांचा साठा वर्षानुवर्षं उरत असे, तेव्हा १९०५ ची पट्टी लागलेलं चित्र त्याच्या कितीतरी आधी छापलेलं असू शकतं. पट्टीवरून फक्त 'यानंतर छापलेलं नाही' एवढं म्हणता येतं. 'याआधी छापलेलं नाही' हे सांगायला छापखान्याची ओळ लागते. डेव्हिड ॲलन ही बेलफास्टची पेढी, १८५७ मध्ये सुरू झालेली. नुसत्या नावावरून काही ठरत नाही. पुसट झालेल्या भागात कोणत्या शहरांची नावं आहेत ते वाचा. लंडनबाहेर हॅरोजवळचा त्यांचा मोठा कारखाना १८९० च्या दशकातला, तेव्हा ओळीत हॅरो असेल तर चित्र त्याआधीचं नाही, आणि १८९३ ही मग यादीतून जवळपास जाईल. पुसट ओळ वाचायला खोलीत अंधार करा, टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा आणि फोनने फोटो काढून त्यातला गडद-फिका फरक वाढवा. बोट फिरवू नका.

पोस्टर अस्सल आहे का, हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. पट्टी वेगळ्या कागदाची आहे आणि खरोखर डकवलेली आहे, ही चांगली खूण आहे. नकला करणारे पट्टीसकट फोटो काढून एकाच कागदावर छापतात, मग पट्टीची कडही सपाट असते. तरी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन चेहऱ्याचा भाग बघा. शिळाछापात खडूची रवाळ पोत किंवा हाताने टोचलेले लहानमोठे ठिपके दिसतात, रंगांच्या कडा एकमेकींवर किंचित सरकलेल्या असतात, आणि त्वचेचा गुलाबी रंग खरोखरच्या गुलाबी शाईचा असतो. आजच्या छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चारच शायांचे एकसारखे ठिपके फुलासारख्या वर्तुळांत मांडलेले दिसतात, आणि अगदी बारीक अक्षरांच्या कडासुद्धा ठिपक्यांच्याच असतात. ऑनलाइन लेखांत 'नियमित ठिपके म्हणजे नक्कल' असं सरसकट लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. १८७९ पासून तयार ठिपक्यांचे पडदे दगडावर उतरवायची युक्ती छापखान्यांकडे होती. एखाद्या रंगात, विशेषतः आकाशात किंवा कोटाच्या सावलीत, नीटनेटके ठिपके दिसले तर दचकू नका. चारही रंगांत, सगळीकडे, अक्षरांतसुद्धा दिसले तर मात्र दचका. नोटा तपासायचा अतिनील दिवा असेल तर अंधारात धरून बघा: कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्याला वापरात आलेली उजळवणारी रसायनं आहेत. जुना कागद मळकट, निस्तेज दिसतो.

कडा झडतायत, हे मी तर अस्सलपणाच्या बाजूनेच धरेन. त्या काळात स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला होता, आणि शाई पसरू नये म्हणून त्याला तुरटी आणि राळ लावत. त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतूनच ठिसूळ होत जातो. आठवडाभर टिकला म्हणजे झालं, हाच हिशेब होता. भिंतीवर लागलेली पोस्टरं पावसात गेली किंवा पुढच्या नाटकाच्या पोस्टराखाली गाडली गेली. वाचली ती बहुतेक न लागलेली. तुमचा आकार, ज्याला तिथले मुद्रक डबल क्राउन म्हणत, दुकानाच्या काचेत लावायला सोयीचा होता. असा कागद काचेत लावू देणाऱ्या दुकानदाराला नाटकाचे फुकट पास मिळत. पोस्टरच्या मागे भिंतीच्या खळीचे डाग नसतील आणि वरच्या कोपऱ्यांत टाचणीची भोकं असतील, तर ते अशाच एखाद्या दुकानातून आलं असावं असं मला वाटतं. हा अंदाज आहे.

मग पट्टी कधीच काढायची नाही का? काढतात, पण कारण लागतं. खळीवर बुरशी आली असेल, पट्टी आकसून खालचा कागद फाडत असेल, किंवा तिच्याखाली आणखी एक पट्टी असेल, म्हणजे आधीच्या मुक्कामाची. शेवटची शक्यता तपासायला पोस्टर खिडकीच्या काचेवर लावू नका, फाटेल. ते काचेच्या टेबलावर सपाट पडू द्या, पट्टीचं टोक धरून उचलू नका, आणि दुसऱ्या कुणाला तरी टेबलाखालून मोबाइलचा मंद प्रकाश सोडायला सांगा.  अक्षरांच्या मागे अक्षरं दिसली तर संवर्धकाला दाखवा. तो पट्टी वाफेने किंवा ओलसर जेलने सोडवेल, खालची वाचेल, फोटो काढेल आणि दोन्ही जपेल. कोरी जागाच असेल, आणि बहुतेक तीच असेल, तर पट्टी काढून तुमच्या हाती येणार काय? रिकामा कागद! चित्र तिथे कधी नव्हतंच.

आणि लाल शाईबद्दल. त्या काळातल्या स्वस्त लाल शाया बऱ्याचदा पाण्यात उतरतात. एक थेंब पडला की शेजारी गुलाबी ढग पसरतो, आणि चित्रातल्या पांढऱ्या शर्टात तो गेला की काढायला उपाय जवळपास नसतो. म्हणूनच संवर्धकही धुण्याआधी प्रत्येक रंग सुईच्या टोकाएवढ्या जागी तपासतो.

दुरुस्ती कशी होईल हे कागद प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. साधारण रीत अशी: शाई टिकत असेल तर स्वच्छ पाण्यात धुऊन आम्ल कमी करायचं, मग पुढे तयार होणारं आम्ल मारायला कॅल्शियमयुक्त द्रावणाने राखीव क्षार भरायचा, आणि मागून जपानी टिशूचं अस्तर गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायचं. शाई उतरत असेल तर धुणं वगळून फक्त फाटलेल्या जागा मागून सांधायच्या. पोस्टरचे व्यापारी कापडाचं अस्तर लावतात, ते मधे कागद घालून आणि स्टार्चच्या खळीने लावलं असेल तर सुटू शकतं. गरम दाबाने चिकटवलेलं नाही. कुणाकडेही द्या, विचारायचा प्रश्न एकच: 'हे उद्या काढता येईल का?' लॅमिनेशन याच परीक्षेत नापास होतं. उष्णतेने प्लास्टिक कागदाच्या तंतूंत वितळतं आणि आम्ल आतच कोंडतं. पारदर्शक चिकटपट्टी आणि फेव्हिकॉलचंही तेच.

तोपर्यंत गुंडाळी असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. सपाट असेल तर आम्लमुक्त टिशूमध्ये, ताठ पुठ्ठ्यावर, पलंगाखाली चालेल. माळ्यावर नको आणि तळघरात तर नकोच. झडलेले तुकडे, अगदी नखाएवढे सुद्धा, पाकिटात ठेवा. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, अतिनील गाळणारी काच घ्या आणि उजेड पन्नास लक्सच्या आसपास ठेवा, म्हणजे खिडकीपासून लांबची, मंद दिव्याची भिंत.

किमतीबद्दल आकडा देत नाही. नाटक नावाजलेलं आहे, प्रसंग नाट्यमय आहे, कडा वाईट आहेत. गाव आणि साल नक्की झालं तर त्या गावच्या संग्रहालयाला किंवा स्थानिक इतिहास मंडळाला त्यात रस वाटेल, आणि लिलावात अशा दोन-तीन इच्छुकांमुळेच भाव हलतो. पट्टी काढलेल्या पोस्टरला हे गिऱ्हाईक मिळत नाही.

दोन वर्षांनी पुण्याला परत येणार असं तुम्ही लिहिलंय. मग दुरुस्ती तिथेच करून घ्या आणि तिथून सपाट पेटीतून आणा. ठिसूळ कागद गुंडाळून विमानात घातला तर तुटेल. इकडे आल्यावर खरा शत्रू पावसाळा आहे. स्टार्चची खळ म्हणजे कसरीचं आवडतं खाणं, आणि दमट हवेत तीवर बुरशीही धरते. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर टांगा, मागे हवा खेळायला बोटभर फट ठेवा, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघत जा.